पाचवा चमचा

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टरबाईंनी आम्हा दोघांना समोर बसवून बजावलं, "दीड वर्ष दिवस जाऊ द्यायचे नाहीत. वजन झपाट्याने उतरेल, त्या काळात मूल पोसायची ताकद शरीरात नसते."

नवरा म्हणाला, "डॉक्टरबाई, अकरा वर्षं आम्हाला दुसरं काय जमलंय?"

मी हसले. खरं तर हसण्यासारखं काही नव्हतं. अंडाशयात गाठी, पाळी सहा-सहा महिने बेपत्ता, हनुवटीवर केस आणि वजन एकशे नऊ. मी कपडे शिवते. माप द्यायला आलेल्या बायकाही टेप माझ्या हातात असताना मलाच सांगायच्या, जरा कमी खात जा. सांगून सांगून त्या दमल्या नाहीत, ऐकून ऐकून मी दमले. मूल व्हायला वजन उतरायला हवं म्हणून शेवटी जठर कापून लहान करून घेतलं. सिस्टरने दिलेलं निरोधचं पाकीट बटणांच्या डब्याखाली गेलं, ते तसंच राहिलं.

पाच महिन्यांत एकोणतीस किलो गेले. जेवण चार चमच्यांचं. पाचवा घेतला की उलटी. माझेच कपडे दर पंधरा दिवसांनी आत घेत होते. तिसऱ्या महिन्यात पाळी आपली आपण आली, तेव्हा बाथरूममध्ये बसून रडले. पुढे आली नाही, पण त्यात नवीन काय? तारखा मोजायची सवयच आम्हाला नव्हती. उलट्या वाढल्या, तर सासूबाई म्हणाल्या, "भराभरा गिळतेस, दुसरं काय!" मलाही ते पटलं.

तपासणीला गेले, तर डॉक्टरबाईंनी रिपोर्ट दोनदा वाचला.

"दिवस गेलेत तुम्हाला. सात आठवडे झाले."

ही बातमी ऐकल्यावर कसं नाचायचं, ते अकरा वर्षं मनात ठरवून ठेवलं होतं. प्रत्यक्षात खुर्चीतून उठलेही नाही. रक्त कमी, जीवनसत्त्वं कमी. बाळ राहील का, या प्रश्नाला त्या एवढंच म्हणाल्या, "आशा आहे, पण आता खावं लागेल. थोडं थोडं, दिवसभर."

रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

घरी सासूबाईंनी सगळं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत." मग उठून सूप गरम करायला गेल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझी वाटी काठोकाठ भरली.

चार चमचे गेले. पोट दगडासारखं झालं. नवऱ्याने माझ्या हातातला चमचा काढून घेतला, घड्याळ टेबलावर ठेवलं आणि समोर बसला. "घाई नाही. वीस मिनिटं थांबू."

मी भिंतीला डोकं टेकलं. जन्मभर ज्याने त्याने माझ्यापुढचं ताट मागे ओढलं. आता सगळं घर भरवायला बसलंय आणि माझ्यात जागा नाही. मी इतकी थकले होते की रडूही आलं नाही.

वीस मिनिटं झाली. त्याने चमचा भरून पुढे केला. मी तोंड उघडलं.