वेन्डेलच्या खांद्यावरची पिशवी

खळ्ळ. माझ्या पोटातला बर्फ सरकला आणि स्वयंपाकघरात फोनची वाट पाहत बसलेले तिघेही दचकले. त्यांना वाटलं, फोनच.

मित्रांनो, मी एक जुनी बर्फाची पिशवी आहे. बाहेरून निळ्या चौकटीचं कापड, आतून रबर, तोंडाला पत्र्याचं फिरकीचं झाकण. वेन्डेल शाळेच्या संघात खेळू लागला तेव्हा त्याच्या आईने मला औषधांच्या दुकानातून आणलं. पुढे तो अमेरिकन फुटबॉलच्या मोठ्या लीगमध्ये क्वार्टरबॅक झाला. म्हणजे प्रत्येक चाल ज्याच्या हातून सुरू होते आणि ज्याला पाडायला समोरचे सगळे धावतात, तो. सामना जिंकला की अख्खं शहर त्या हाताचं कौतुक करी. घरी आला की तो हात माझ्या स्वाधीन होई.

मग खांद्याभोवती गार पाणी फिरवणारं यंत्र आलं आणि मी खालच्या खणात गेले, मेणबत्त्या आणि कुलपं हरवलेल्या चाव्यांच्या सोबतीला. तिथे किती हिवाळे गेले कोण जाणे. यंत्राची नळी फुटली तेव्हा कुठे वेन्डेलच्या बायकोला, जनीनला, माझी आठवण झाली. "ही निदान घरघरत तरी नाही," ती म्हणाली.

ती मार्चमधली दुपार मी विसरणार नाही. लीगचा नियम असा, की संघातल्या सगळ्यांचे पगार मिळून ठरलेल्या मर्यादेबाहेर जाता कामा नयेत. पातेलं एकच. वेन्डेलच्या ताटात जास्त पडलं की दुसऱ्याचं ताट कोरडं. सकाळी क्लबचा निरोप आला होता: कमी पैशांत नवा करार कर, नाहीतर चार वाजता तू मोकळा. वेन्डेलने होकार कळवला, पण एका अटीवर: संघातल्या टाविटालाही ठेवायचं. त्याचं उत्तर यायचं होतं. ते 'नाही' असतं तर हे घर, हे शहर, सगळंच सुटलं असतं. अडतिशीतला दुखरा खांदा दुसरा कुठला क्लब घेणार?

टाविटा समोरच बसला होता. मैदानात वेन्डेलच्या पाठीमागून येणाऱ्याला अडवणारा तो डोंगराएवढा माणूस. त्याच्याखाली खुर्ची कुरकुरत होती.

"अट मागे घे, म्हाताऱ्या," तो म्हणाला. "मला उपकार नकोत."

"उपकार कसले? तू गेलास तर दोन महिन्यांत मला स्ट्रेचरवरून नेतील."

"दोन महिने?" जनीन म्हणाली. "भलताच आशावादी आहेस."

टाविटा हसला, पण बशीतल्या केकला त्याने हात लावला नाही. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. वेन्डेलचा खांदा माझ्याखाली ताठ झाला होता. माझ्यातला बर्फ भराभर वितळत होता.

पावणेचार झाले. फोन वाजला. पलीकडे वेन्डेलचा एजंट, लेनी.

"ऐनवेळी अट घालतोस! माझे होते नव्हते ते केस गेले."

"टाविटाचं काय झालं ते सांग."

"राहतोय. पण तू खेळणार एकच वर्ष आणि तुझे पैसे ते कागदावर पाच वर्षांवर पसरणार, म्हणजे यंदाच्या हिशेबात कमी दिसतील आणि टाविटा मर्यादेत बसेल. कर आता सही."

वेन्डेलने फोनच्या पडद्यावरच बोटाने सही केली. टाविटाने केक एका घासात संपवला आणि तोंड वळवून डोळे पुसले.

मित्रांनो, झिजलेल्या जिवाचं मागणं मोठं नसतं. टाकायचं तर टाका, पण आधी एकदा हातात धरून पाहा, अजून गारवा टिकतो का.

इतक्यात वेन्डेलची सहा वर्षांची लेक टेस शाळेतून आली. जनीनने तिला मांडीवर घेऊन बातमी सांगितली.

"पाच वर्षं?" टेसने बोटं मोजली. "मी अकराची होईपर्यंत बाबा खेळणार?"

"नाही गं राणी. खेळणार एकच वर्ष. बाकीची नुसती कागदावरची."

टेसने माझ्या ओल्या कापडावरून हात फिरवला, मग बाबाच्या खांद्यावरून.

"आई, मग त्या कागदावरच्या वर्षांत बाबा कोण असणार?"