शिंगरासाठी भरलेली डोणी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी डोणी. केनियातल्या आम्हा सांबुरू गुराख्यांच्या मुलखात नदी बहुतेक वर्षभर वाळूचीच. वाळूत खड्डा खणायचा, पाणी उपसून माझ्यात ओतायचं, की शेळ्या-गुरं पोटभर पितात. लेकूपे आजोबांनी मला एकाच खोडातून कोरलं. "थेंब गळायची नाही!" अशी बढाई ते मारत. पुढे मला चीर गेली ती गोष्ट वेगळी.

गुरं पिऊन गेली, की तळाचं पाणी रानातल्या जनावरांसाठी ठेवायची इथली रीत. खड्डा आटला, की मला उचलून दुसरीकडे नेत.

एका दुष्काळात शेजारच्या नासिएकूचा जीव झेब्र्याच्या एका शिंगरावर जडला. "किती चालेल हो बिचारं?" म्हणत तिने मला एकाच जागी रोवलं आणि खड्डा आटला तरी लांबून पाणी आणून रोज भरू लागली. चिरेतून पाणी झिरपून भोवती हिरवंगार गवत आलं. मायलेकरं तिथून हलेनात. तिथेच चरायचं, तिथेच लीद टाकायची. सगळे माझं कौतुक करू लागले, मीही फुशारले.

मग शिंगराच्या बरगड्या दिसू लागल्या, पोट मात्र टम्म. कळपातलं दुसरं एक शिंगरू तर मरूनच पडलं. आजोबांनी सुरीने त्याचं आतडं चिरलं. आत जंतच जंत!

"पोरी, शेळ्यांना असल्या ओल्या, घाणीतल्या गवतावर सोडतेस का गं?"

"छे! जंत होतील की!"

"मग ह्यांना?"

"अहो, ती रानातली! त्यांना कुठे काय होतं?"

"का? त्यांना पोट नाही?"

नासिएकू कळवळून म्हणाली, "मी नुसतं पाणी पाजलं हो, आजोबा!"

"पाणी चांगलंच होतं. तू त्यांना जागा सोडू दिली नाहीस."

लिदीतली अंडी ओलीत फुटतात, बारीक अळ्या गवतावर चढतात आणि चरताना पुन्हा पोटात जातात. माझ्याभोवती हेच चाललं होतं.

नासिएकूने लांब, वरच्या अंगाला नवा खड्डा खणला आणि मला पालथं घातलं. संध्याकाळी शिंगराला घेऊन त्याची आई आली. तिने माझी कोरडी पाठ हुंगली, खुराने डिवचली. झुडपाआड नासिएकू तोंडावर हात दाबून रडत होती. मलाही फार वाईट वाटलं. शेवटी मादी वरच्या अंगाला निघाली. शिंगरू मागे रेंगाळलं, मग धडपडत तिच्यामागे गेलं.

पावसाळ्यापर्यंत त्याच्या बरगड्या बुजल्या, असं आजोबा सांगत होते.

मित्रांनो, रानातल्या जिवांना घोटभर पाणी जरूर ठेवा, पण मायेने त्यांना एका जागी अडकवू नका. ते शिंगरू पुन्हा कधी माझ्याकडे आलं नाही. बरं झालं.