पुढच्या सीटवरचा आवाज

आमच्या ह्यांनी एका पुस्तकाला पुठ्ठा उलटा लावला, तेव्हाच मला कळायला हवं होतं. चाळीस वर्षं पुस्तकबांधणी केलेला माणूस तो. पण हे म्हणाले, दिव्यात दम नाही. आम्ही दिवा बदलला. मग दुसरा, मग तिसरा. चौथा इतका प्रखर निघाला की माझ्या शिवणयंत्राच्या सुईची सावली भिंतीवर पडायची, तरी ह्यांचं आपलं एकच, हल्ली दिवे चांगले येत नाहीत. डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की समोरचं दिसणं जवळपास गेलंय, कडेचं थोडं अंधुक राहील आणि गेलेलं परत येणार नाही. घरी येताना हे म्हणाले, त्या डॉक्टरच्या खोलीत तरी कुठे उजेड होता?

त्यानंतर आठ महिने ते खुर्चीत बसून होते. सकाळी वर्तमानपत्र मांडीवर घ्यायचे आणि वाचल्यासारखं करून बरोबर वेळेवर पान उलटायचे. मी समोर कुणाच्या तरी विजारीला टिपा मारत असायची. जीव तुटायचा माझा, आणि खोटं कशाला बोलू, संतापही यायचा. चार शब्द बोलायचे नाहीत, बाहेर पडायचं नाही. लेकीचा फोन आला की तेवढं ‘मजेत आहे’ म्हणायचे.

एका शनिवारी पान उलटता उलटता म्हणाले, “सायकलवाल्या मिस्त्रीला निरोप दे. सोमवारी जोडसायकल घेऊन जा म्हणावं.”

माझ्या पायाखालची जमीन सरकली. जोडसायकल म्हणजे दोघांनी मिळून चालवायची लांब सायकल. पुढे एक सीट, मागे एक, आणि दोघांची पॅडल एकाच साखळीला जोडलेली. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी घेतली, जुनीच. विकताना मिस्त्रीने आम्हाला दुकानाच्या दारात उभं करून दम दिला होता, “पुढच्याने बोलायचं, मागच्याने ऐकायचं. दोघं बोललात तर दोघं खड्ड्यात.” पुढे ह्यांनी बसायचं हे ठरलेलंच होतं. त्यांची उंची आणि त्यांचा तोरा बघता दुसरं काही शक्य नव्हतं.

एकतीस वर्षं आम्ही कालव्याकाठच्या वाटेने फिरलो. त्या वाटेच्या तोंडाशी दोन लोखंडी खांब आहेत, त्यामुळे मोटार आत शिरत नाही. खांब ओलांडले की मागचा सगळा कलकलाट हळूहळू विरतो आणि साखळीचा आवाज ऐकू यायला लागतो. रविवारी तळ्यापर्यंत अकरा मैल जायचं आणि परत यायचं. वर्षातून एकदा बांधणीचा कारखाना आठ दिवस बंद असे, तेव्हा तळ्याच्याही पुढे, कालवा नेईल तिथवर. पाव, उकडलेली अंडी, एक ताडपत्री. पाण्याचे दरवाजे उघडणाऱ्या बाईच्या ओसरीवर आम्ही कितीदा झोपलोय. लेक पोटात होती तेव्हा पाचव्या महिन्यापर्यंत मी पॅडल मारत होते आणि सासूबाई माझ्याशी नाही, ह्यांच्याशी अबोला धरून बसल्या होत्या. काय दिवस होते ते. पैसा नव्हता, अक्कल नव्हती, आणि कशाचंच काही वाटत नव्हतं.

आणि सबंध वाटभर पुढून ह्यांचा आवाज. “पूल, डोकं खाली.” “खडी आली.” “उजवीकडे.” मी विचारायची नाही, फक्त करायची.

तर मी म्हटलं, “उद्या एकदा तळ्यापर्यंत जाऊन येऊ. मी पुढे, तुम्ही मागे. नाही जमलं तर सोमवारी खुशाल द्या. मी चकार शब्द काढणार नाही.”

“तुला रस्ता कुठे माहितीये?”

“तुम्हाला आहे ना?”

हे त्यांना बरोबर लागलं. माणूस कुठे चिमटा काढल्यावर हलतो हे एवढ्या वर्षांत बायकोला कळतंच. पण मनातून मी घाबरले होते. सायकल गेली असती तर हे त्या खुर्चीतून पुन्हा कधी उठले नसते, याची मला खात्री होती.

रविवारी सकाळी खांबांमधून सायकल काढतानाच माझी तारांबळ उडाली. एवढी वर्षं माझ्या डोळ्यांसमोर ह्यांची पाठ होती, आता एकदम उघडा रस्ता. हँडल माझं ऐकेना. पहिल्या मैलात आम्ही दोनदा गवतात गेलो. पण मागून आवाज सुरू झाला आणि माझे हात हळूहळू ठिकाणावर आले.

“आता झाडांची रांग संपेल. पूल येईल. डोकं खाली.”

खरोखरच पूल आला. दुसरा आला, तिसरा आला. खडी कुठे, उतार कुठे, मुळं कुठे वर आलीत, सगळं तोंडपाठ. आठ महिन्यांत जेवढे शब्द ऐकले नव्हते तेवढे मी त्या तासाभरात ऐकले. आवाजाला पूर्वीची धार आली होती. “जरा जोर लाव की, दुपार करतेस का?” असंही एकदा म्हणाले. मी जोर लावला. त्यांनी असंच बोलत राहावं एवढंच मला हवं होतं.

पाचव्या पुलाखालून बाहेर पडलो आणि तळं दिसायला लागलं. पूर्वी इथे होड्या ठेवायची एक पडकी शेड होती आणि वाट तिला डावीकडून वळसा घालून जायची. आता शेड पाडून वाट नाकासमोर सरळ नेली होती. नवी, गुळगुळीत, चांगली रुंद. जुन्या वळणावर गवत माजलं होतं आणि ते थेट पाण्यात उतरत होतं. हे सगळं मला स्वच्छ दिसत होतं.

“आता डावीकडे,” हे म्हणाले.

आणि मी डावीकडे वळले.

का वळले ते आजही सांगता येणार नाही. डोळे सरळ म्हणत होते, पण हातांनी डोळ्यांना विचारलंच नाही. लव्हाळ्यातून सायकल सरसरत गेली, चाक चिखलात रुतलं आणि आम्ही दोघं तळ्यात बसलो. पाणी गुडघाभरच, पण चांगलंच गार.

मी आधी ह्यांना चाचपलं. लागलं नव्हतं. केसांत शेवाळ अडकलं होतं, ते काढायला हात पुढे केला तर त्यांनी माझं मनगट धरलं.

“इथे वळण नाहीये?”

“नाही. वाट सरळ केलीये.”

“तुला दिसत होती?”

“हो.”

“मग वळलीस कशाला?”

“तुम्ही डावीकडे म्हणालात ना.”

त्यांनी माझं मनगट सोडलं. मला वाटलं, संपलं. उद्या मिस्त्री येणार, सायकल जाणार आणि वर्तमानपत्राची पानं उलटत राहणार. मग ते अगदी हळू म्हणाले, “अगं, मला दिसत नाही.”

आठ महिन्यांत हे त्यांनी पहिल्यांदा उच्चारलं होतं. चार दिवे झाले, डॉक्टर झाले, पण हे वाक्य कधी तोंडातून निघालं नव्हतं. मी त्या गार पाण्यात तशीच बसून रडले. त्यांनी रडू दिलं.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, “आता समोर काय आहे?”

“तळं आहे.”

“तळं आहे ते बुडाला कळलंय. कसं आहे ते सांग. मी इतक्या वर्षांत नीट बघितलेलंच नाही. नजर सारखी रस्त्यावर.”

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. अकरा मैल मीही नुसता रस्ताच बघत आले होते. म्हणून मी आधी डोळे पुसले आणि सावकाश सांगायला लागले. पलीकडच्या काठाची बुटकी झाडं, त्यांच्या खाली पाणी काळं दिसतं ते, मधल्या उथळ भागावर वारा आला की उठणाऱ्या बारीक चुण्या, एका पायावर उभा असलेला बगळा. मग आज नसलेलंही सांगितलं. एका वर्षी पाणी इतकं आटलं होतं की तळाशी जुन्या वाटेचे दगड दिसले होते. एका वर्षी सबंध काठ पिवळ्या फुलांनी भरला होता आणि मी मागून हाक मारणार होते, पण नियम आठवला म्हणून गप्प बसले.

“मारायची होतीस हाक,” ते म्हणाले.

“मग दोघं खड्ड्यात गेलो असतो.”

“आता काय वेगळं झालंय?”

हसता हसता आम्ही उठलो. सायकल काठावर ओढून घेतली. मी चिखल निपटत होते, तेवढ्यात त्यांनी चाचपत पुढची सीट शोधली. एक हात तिच्यावर ठेवला, दुसरा माझ्या कमरेला लावला आणि दोन्हींतलं अंतर बोटांनी मोजलं, पुस्तकाची जाडी मोजायचे तसं. सबंध वाटभर माझे पाय पॅडलला जेमतेम पोचत होते. मी बोलले नव्हते, कारण ती सीट त्यांची होती.

“मिस्त्रीला उद्या येऊ दे,” ते म्हणाले. “पण सायकल न्यायला नको. ही सीट चार बोटं खाली घ्यायची आहे म्हणावं.”