साहेब असेपर्यंत सुरुंग नाही

सन पंचावन्नच्या माघात कुरुळीच्या मातीच्या बंधाऱ्याला भेग पडली. पलीकडच्या टेकडीवर रस्त्याच्या खडीसाठी रोज चार सुरुंग उडत. बंधाऱ्याखाली धर्माजीचा दीड एकर कांदा उभा होता आणि तो काढून हलवायला आठ दिवस हवे होते. त्याने अर्ज केला. अर्ज वाचून पुण्याहून ओव्हरसियर लक्ष्मणराव खरोखरच आले. गाव अजून त्या धक्क्यातून सावरलेले नाही.

"ओल्या मातीला हादरे बसले की तिची पकड सुटते," लक्ष्मणराव बंधाऱ्यावर उभे राहून म्हणाले. "वरून बंधारा, आत पिठलं."

"आन ते पिठलं माज्या कांद्यावर!" धर्माजी म्हणाला.

"पण आधी हादरा मोजला पाहिजे."

त्यांनी पाण्याने काठोकाठ भरलेली परात बंधाऱ्यावर ठेवली. दुपार टळली तरी सुरुंग उडेना. शेवटी खाणीचा मुकादम मुरारी धापा टाकत आला.

"साहेब, सरकारी माणूस जवळपास असला की सुरुंग लावायचा न्हाई, असा नियम हाय. तुमी गेलात की लगेच उडवतो!"

"मी गेल्यावर मोजणार कोण?"

"ते आमच्या नियमात न्हाई."

नियम आपल्याच जिवासाठी असल्याने लक्ष्मणरावांना तो पटला. ते परत निघाले. धर्माजीची बायको गवराबाई आडवी आली.

"असं कसं जाता साहेब? उद्या पुरण घालतेय. परवा कोंबडा."

लक्ष्मणरावांनी कचेरीला कळवले : निरीक्षण चालू आहे. पाचव्या दिवशी त्यांना घर आठवले, तेव्हा वांग्याचे भरीत व्हायचे राहिले होते. इकडे ते जेवत, तिकडे कांद्याच्या गाड्या चाकणला जात. आठव्या दिवशी शेवटची गाडी हलली आणि पानात भाकरी-चटणी पडली. साहेबांना लगेच ड्यूटी आठवली.

एसटीत बसूनच त्यांनी अहवाल लिहिला : "आठ दिवस परातीतील पाणी एकदाच हलले, तेही कावळ्यामुळे. बंधाऱ्यास सुरुंगांपासून धोका नाही."

एसटी मोशीचा पूल ओलांडते न ओलांडते, तोच मुरारीने तुंबलेले बत्तीस सुरुंग एका दमात उडवले. बंधारा बसला. पाणी धर्माजीच्या मोकळ्या रानातून पसरत ओढ्याला मिळाले.

गवराबाईने बांधावरून पाहिले.

"भिजलं रान," ती म्हणाली. "गवार टाकू."