फक्त पायांसाठी

"फक्त पायांसाठी. चेहऱ्यावर लावू नये." वॅक्सच्या पट्ट्यांच्या खोक्यावरची ही ओळ मी आत्ता वाचतेय.

सकाळी आईने विचारलं होतं, "अक्षर बारीक आहे गं, काय लिहिलंय?"

मोबाईलमधून डोकं न काढता मी म्हणाले, "लावायची नि खस्सकन ओढायची. त्यात काय वाचायचंय?"

त्याच्या आदल्या दिवशी मीच म्हणाले होते, "पालकसभेला शाळेत येणारच असशील तर त्या मिशीचं काहीतरी कर."

शाळेत बाईंनी विचारलं, "अगंबाई, ओठावर काय झालं?"

"चहाने भाजलं," म्हणत आई हसायला गेली. सोललेली कातडी ताणली, तशी थांबली.

आत्ता घरी, माझ्याजवळ येत ती म्हणाली, "माझाच वेंधळेपणा. तू नीट सांगितलं होतंस."

मी खोकं पाठीमागे लपवलं.