निळ्या दोऱ्याची चादर

"वरच्या मजल्यावरून चादर खाली आली," रेडिओ माइकसमोर उभी राहून म्हणाली, "आणि मी ती ओळखली."

तिसऱ्या रांगेत बसलेल्या मुकीला आधी वाटलं, ही गंमत करतेय. माइक लागलाय का ते बघायला माझी एक ओळ म्हणून दाखवतेय, आता हसेल आणि स्वतःचं काहीतरी सुरू करेल. पण रेडिओ हसली नाही. तिने डोळे मिटले आणि दुसरी ओळ म्हटली. तीही मुकीचीच.

दोघी इस्पितळाच्या लॉन्ड्रीत कामाला. चौदा वर्षं एकाच टेबलाशी. मुकी काही खरोखरची मुकी नव्हती, पण कामाशिवाय तोंड उघडायची नाही म्हणून बायकांनी तिला ते नाव ठेवलं, आणि तिच्या जोडीदारणीचं तोंड कधी मिटायचं नाही म्हणून ती रेडिओ. मोठ्या चादरीची नीट घडी एकटीने होत नाही. दोघींनी दोन-दोन कोपरे धरायचे, ताणून झटकायचं, मग दोन पावलं पुढे येऊन कोपऱ्याला कोपरा द्यायचा आणि पुन्हा मागे सरायचं. दिवसाला तीनशे चादरी. एवढ्या वेळा तर नवराबायकोही एकमेकांच्या तोंडासमोर येत नसतील.

मागच्या वर्षी मुकीची आई याच इस्पितळात, चौथ्या मजल्यावर होती. भेटायची वेळ चार ते सहा आणि मुकीची पाळी दोन ते दहा. तिने सुपरवायझरकडे पाळी बदलून मागितली, तो 'बघू' म्हणाला. सुट्टीच्या एका दिवशी तेवढी ती वर जाऊन आली. आईला नीटसं दिसत नव्हतं. तिने मुकीचं बोट धरून चादरीच्या कोपऱ्यावर फिरवलं आणि म्हणाली, "कुणीतरी हौसेने फूल काढलंय बघ." ते फूल नव्हतं. पांढरा दोरा संपला म्हणून मुकीनेच कधीतरी निळ्या दोऱ्याने रफू केलं होतं. ते माझं काम आहे, असं सांगायला मुकीला कसलासा संकोच वाटला. पुढच्या सुट्टीला सांगू, असं तिने ठरवलं. सुपरवायझरचं बघून होईपर्यंत आई गेली, आणि तिसऱ्या दिवशी मळक्या कपड्यांच्या गाठोड्यातून ती चादर खाली आली.

त्यानंतर महिनाभराने, घडी घालता घालता, मुकीच्या तोंडून पहिली ओळ निघाली. तिचं तिलाच नवल वाटलं. रेडिओ त्या दिवशी जन्मात पहिल्यांदा गप्प बसली. पुढे रोज एखादी ओळ यायची. ओळ म्हणायची, दोन पावलं पुढे, कोपरा द्यायचा, मागे, पुढची ओळ. कागदावर काही नाही. मुकीला कागदाची गरजच वाटली नाही, समोर रेडिओ होती ना.

"इथे थांब," रेडिओ सांगायची. "'फूल' म्हटलंस की थांब. ड्रायर बंद झाल्यावर कशी शांतता होते, तेवढं थांब. मग पुढचं म्हण." आणि खरंच, थांबल्यावर ती ओळ अंगावर यायची.

रेडिओनेच तिला वाचनालयाच्या हॉलमध्ये ओढून नेलं. तिथे दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी लोक उभं राहून आपापल्या कविता म्हणत. हातात कागद घ्यायचा नाही, एवढा एकच नियम. मागच्या महिन्यात मुकी माइकपाशी गेली, पण तिला पहिली ओळच आठवेना. एक शब्द न बोलता ती खाली उतरली. परतताना रेडिओने तिचा हात हातात घेतला होता. "पुढच्या वेळी तुझ्या आधी मी नाव देते. काहीतरी चार ओळी बडबडेन, लोक हसतील, तुला मोकळं वाटेल." मुकीला तेव्हा भरून आलं होतं. सख्ख्या बहिणीनेही इतकं केलं नसतं.

म्हणून आज रेडिओ सहावी होती आणि मुकी सातवी.

"आई म्हणाली, कुणीतरी हौसेने फूल काढलंय," रेडिओ म्हणाली आणि थांबली. ड्रायर बंद झाल्यावर थांबावं तेवढंच.

पहिल्या रांगेत रेडिओची आई बसली होती. चांगली ठणठणीत, नवा चष्मा लावून आलेली. लेक आपल्याला कवितेत मारून मोकळी झालीय याचं त्या माउलीला काही नव्हतं. ती चष्मा वर करून डोळे पुसत होती. मुकीला आधी लाज वाटली, जणू आपलेच कपडे कुणी चारचौघांत उतरवलेत. राग नंतर आला. विश्वासाने मान द्यावी आणि तिने केसाने गळा कापावा, दुसरं काय?

टाळ्या बराच वेळ चालल्या. ग्रंथपालांनी सातवं नाव पुकारलं. खाली उतरणाऱ्या रेडिओने वाटेत तिचा दंड दाबला. "घाबरू नकोस हं."

माइकसमोर उभं राहिल्यावर मुकीच्या लक्षात आलं की आज सगळं आठवतंय. अख्खी कविता ओठांवर तयार होती. आज ती म्हणू शकली असती, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, न अडखळता. आणि म्हटली असती तर लोकांनी तिलाच चोर ठरवलं असतं.

"माझं म्हणून झालं," ती म्हणाली. "आत्ताच झालं."

लोकांना वाटलं, बिचारी घाबरली. त्यांनी दया येऊन टाळ्या वाजवल्या.

सोमवारी टेबलाशी रेडिओच आधी बोलली. "रागावलीस? अगं, तू बोलणारच नव्हतीस. कविता मनातच कुजली असती. मी निदान लोकांपर्यंत नेली."

"तुझी आई जिवंत आहे."

"कवितेत चालतं गं तेवढं. आणि कुठे थांबायचं ते कुणी सांगितलं होतं? मग थोडी माझीही झालीच की."

मुकीने हातातली चादर झटकली. "थांबायचं तेवढं तुझं होतं, ते ने. बाकी माझ्या आईचं होतं. हवी होती तर मागायचीस. दिली असती का, मला माहीत नाही. पण मागायचीस."

रेडिओने ढिगातली पुढची चादर ओढली.

पाचच्या सुमाराला ढिगातून ती चादर निघाली. कोपऱ्याचा निळा दोरा धुऊन धुऊन फिका पडला होता. रेडिओने सवयीने दोन्ही हात पुढे केले. मुकीने कोपरे दिले नाहीत. चादरीचा मध्य तिने हनुवटीखाली धरला, हात ताणले आणि एकटीनेच घडी घालायला घेतली. एक कड बोटभर सरकली, घडी वाकडी झाली. चौदा वर्षांत तिच्या हातून अशी घडी गेली नव्हती. तशीच तिने ती गठ्ठ्यावर ठेवली आणि वरून एकदा हात फिरवला. रेडिओ रिकामे हात पुढे करून तशीच उभी होती.

पुढच्या चादरीचे कोपरे मात्र मुकीने तिला दिले. तीनशे चादरी एकटीने होत नाहीत. ती दोन पावलं पुढे आली, कोपऱ्याला कोपरा दिला आणि मागे सरली. तोंडासमोर आल्यावर ती रेडिओच्या खांद्यावरून पलीकडच्या भिंतीकडे बघत होती.