महादरवाजाची पायरी

"हसीनाला कुठं 'बसा, आलोच' म्हणून ठेवू नकोस," दशम्यांचं फडकं आवळत सासूबाई म्हणाल्या. "ती उठायची न्हाय तिथनं."

वनमाला शारदेच्या वेणीला रिबीन बांधत होती. तिनं हसून मान उडवली.

"त्या काय लहान आहेत का?"

"सांगते ते ऐक. पोलीस ॲक्शनच्या वर्षी गफारनं तिला अशीच वेशीतल्या पारावर बसवली. 'अम्मा, बस इथं, आलोच.' पोरगं गेलं ते गेलं. दिवे लागले तरी ही पारावरच. शेवटी मी हाताला धरून घरी आणली."

वनमालानं ऐकलं, आणि रिबिनीची गाठ बसेपर्यंत ती ते विसरूनही गेली. तिच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. उकळलेल्या पाण्याची बाटली, तापाचं औषध, पोरीची कानटोपी. मे महिन्यात कानटोपी कशाला म्हणून नवऱ्यानं, वसंतरावांनी, चेष्टा केली तरी तिनं ती पिशवीच्या तळाशी दडपलीच. शारदा घटसर्पातून उठल्यापासून रात्री उठून तिचा श्वास बघायची वनमालाला सवयच लागली होती.

त्या दुखण्यात सोलापूरच्या डॉक्टरांनी मान हलवली, तेव्हा शेजारची हसीनाबी उंबऱ्यात बसून होती. तिच्या माहेरच्यांचा पीर दूर कोकणात, समुद्रातल्या एका बेटावर. तिथंच तिनं चादर बोलली होती. वसंतरावांच्या शाळेतले विष्णुपंत सुट्टीत त्याच किनाऱ्याला सहल काढणार, हे कळल्यावर वनमालाच म्हणाली होती, "खाला, चला आमच्याबरोबर. नवस शारदेचा, तर शारदा हवीच."

ते बेट म्हणजे समुद्रातला जुना किल्ला. आत देऊळ, दर्गा, तोफा आणि खारट पाण्याच्या मधोमध एक गोड्या पाण्याची विहीर. समुद्र आटल्यासारखा मागं सरकला होता, आणि मंडळी साड्या-धोतरं सावरत ओल्या वाळूतून चालत गेली. महादरवाजाच्या खालच्या पायऱ्या ओल्याचिंब होत्या.

"अवकाळी पडलेला दिसतोय रात्री," वसंतराव म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. नळदुर्गाच्या माणसांना पाणी ठाऊक होतं ते गावच्या किल्ल्यातल्या नर-मादी धबधब्याचं. खाली गेलेलं पाणी पुन्हा वर चढून येतं, हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

दरवाजातून आत गेलं की वाट फुटत होती. डावीकडं देवळाचा कळस, उजवीकडं दर्ग्याचा चुना लावलेला घुमट. हसीनाबीनं डोक्यावरचं हिरवं गाठोडं काढून छातीशी धरलं आणि ती उजवीकडं बघत राहिली.

"काय वसंतराव," विष्णुपंत हसत म्हणाले, "देवदर्शनाला चादरही घेऊन आलात वाटतं!"

वसंतराव कसनुसं हसले. आधी दर्ग्याला जाऊ, एवढंच म्हणायचं होतं. वनमालाच्या ओठांवर ते आलंही होतं. पण विष्णुपंतांच्या बायकोनं भुवया वर केलेल्या तिला दिसल्या, आणि ती वाकून शारदेच्या झग्याची बटणं लावत बसली. बटणं लावलेलीच होती.

हसीनाबीच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"तुमी देव करून या गं माय," ती म्हणाली. "मी चपला राखते हितं. मग जाऊ."

वनमालाला सुटल्यासारखं झालं.

"बसा, खाला. आलोच."

देऊळ झालं. तोफांवर हात फिरवून झाले. विहिरीचं पाणी खरंच गोड लागतं म्हणून सगळे पुन्हा पुन्हा प्यायले. वनमालानं शारदेला मात्र बाटलीतलंच पाजलं. एवढ्यात किल्ल्याच्या मागच्या दिंडीदरवाजातून एक होडीवाला ओरडत आला.

"भरती चढली! वाट बुडाली! चला बिगी, नायतर संध्याकाळपातुर हितंच ऱ्हावा!"

मग काय, एकच पळापळ झाली. वनमालानं शारदेला कडेवर घेतलं आणि ती सगळ्यांच्या पुढं धावली. होडी हलत होती. तिनं पोरीचं तोंड पदरात दाबून धरलं, डोळे मिटले आणि किनारा लागेपर्यंत देवाचं नाव घेतलं.

वाळूवर पाय पडला आणि चर्रकन पोळला.

"अगंबाई, माझ्या चपला!"

ती हे मोठ्यानं बोलली. सगळ्यांनी ऐकलं. शारदेनं पदरातून डोकं वर काढलं.

"आई, खाला कुठंय?"

विष्णुपंतांची बायको आपल्या अनवाणी पायांकडं बघत होती.

"म्होरच्या दरवाज्याला बसलीया?" होडीवाल्यानं विचारलं. "त्या पायऱ्यांवर आता कंबरंएवढं पानी असंल."

वसंतराव तसेच होडीत चढले. ती होडी बेटामागं दिसेनाशी झाली आणि वनमाला तिथंच उभी राहिली. "सावलीत या, वहिनी," विष्णुपंत दोनदा म्हणाले. तिनं फक्त शारदेला सावलीत पाठवलं. आपण हलली नाही.

होडी परत आली. हसीनाबी कमरेपर्यंत भिजली होती. गाठोडं डोक्यावर होतं, आणि दोन्ही हातांनी तिनं सगळ्यांच्या चपला छातीशी कवटाळल्या होत्या.

"पायरी सोडेनात," वसंतराव हलकेच म्हणाले. "चार पावलं आत गेल्या असत्या तर दर्गा होता. मी हात धरून ओढलं, तेव्हा उठल्या."

"खाला," वनमाला म्हणाली. "निदान दर्ग्यात तरी जाऊन बसायचं."

"तू आलोच म्हणलीस न्हवं?" हसीनाबीला नवल वाटलं. "तू आलीस आन् मी न्हाय दिसले, तर लेकरू काखंत घेऊन कुठं हुडकत फिरशील?"

मग तिनं वाकून वनमालाच्या चपला तिच्या पायांपुढं जोडून ठेवल्या.

"घाल. कोरड्या हायत. वाळू पोळतिया."

वनमालाला पाय पुढं करवेना. चपला हातात घेऊनच ती मोटारीपर्यंत चालत गेली. मुक्काम गाठायचा म्हणून विष्णुपंतांची घाई चालली होती. चादर तशीच नळदुर्गला परत आली. घरी सासूबाईंनी सुनेच्या तळव्यांवरचे फोड बघितले आणि खोबरेल आणून दिलं.

"दिवाळीत आपण दोघीच जाऊ, खाला," वनमाला दुसऱ्याच दिवशी शेजारी जाऊन म्हणाली. "चादर बांधून तयार राहा."

"व्हय माय," हसीनाबी म्हणाली. "मी तयारच हाय."

आषाढात वसंतरावांची बदली झाली. सासूबाईंसकट सगळं घर भूमला आलं. दिवाळीत वनमालाला सातवा महिना होता. पुढच्या दिवाळीला धाकट्याला डांग्या खोकला.

आता भूमच्या आठवडी बाजारात कुणी नळदुर्गाकडं निघालेलं कळलं की ती भाजी तशीच टाकून एस.टी.पाशी धावते. ओळखीचं असो, नसो, खिडकीचा गज धरून सांगते. तुम्ही त्या वाटेनं जाणार असलात तर तुम्हालाही तिचं एवढंच सांगणं आहे:

"वेशीपाशी तेवढं उतरा. पारावर मांडीत हिरवं गाठोडं घेऊन कुणी बाई बसलीय का, बघा. बसली असली तर माझा निरोप सांगू नका. काहीच सांगू नका. हाताला धरा, आणि घरी नेऊन सोडा."